कच्चा कैदी, पक्का कैदी आणि बी.ए. प्रथम वर्ष

सीताबर्डीवरच्या झेरॉक्सवाल्याने माझ्या हातातला कागद उलटा धरूनच वाचला. वर 'कारागृह अभ्यासकेंद्र' असं छापलेलं होतं. "सर, हे जेलातले पोट्टे कॉलेजात जातात कसे? पोलीस गाडीत नेऊन सोडतात का?"

मला हसू आलं, पण प्रश्न काही चुकीचा नव्हता. वर्धा रोडवरून जाणारा प्रत्येक नागपूरकर मध्यवर्ती कारागृहाच्या बाजूने हजारदा गेलेला असतो. आत काय चालतं हे मात्र आपल्याला सिनेमाने शिकवलंय, आणि सिनेमातला कैदी खडी फोडतो, बी.ए. करत नाही. बातमी येते ती नामांकित माणसांची. अरुण गवळीने २०१८ मध्ये नागपूरच्या तुरुंगात गांधी विचार परीक्षा दिली, ८० पैकी ७४ गुण मिळवले, देशभरच्या पेपरांत छापून आलं. शेजारच्या बॅरेकीत कुणी तिसऱ्या प्रयत्नात इंग्रजीचा पेपर काढला तर ते कोण छापणार?

मी राज्यशास्त्र शिकवतो. काही वर्षं एका मुक्त विद्यापीठाच्या केंद्रावर रविवारी समुपदेशक, म्हणजे तिथल्या भाषेत शिकवणारा, म्हणून जायचो, तेव्हा विदर्भातल्या एका कारागृहातले गृहपाठ माझ्याकडे तपासायला यायचे. त्या गठ्ठ्यांमुळे हा विषय डोक्यात शिरला तो निघालाच नाही. तेव्हा झेरॉक्सवाल्याला दिलेलं उत्तर इथे जरा सविस्तर देतो.

कैदी कॉलेजात जात नाही. कॉलेज आत येतं, आणि तेही बरंचसं टपालाने. आपल्याकडे तुरुंगातलं पदवीचं शिक्षण म्हणजे जवळजवळ सगळं दूरस्थ शिक्षण. दोन नावं लक्षात ठेवली की झालं: १९८५ साली सुरू झालेलं इग्नू, म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ, आणि १९८९ साली नाशिकला सुरू झालेलं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ. ही विद्यापीठं तुरुंगाच्या आतच अभ्यासकेंद्र मंजूर करतात. पुस्तकं तिथे येतात, समुपदेशक अधूनमधून तिथे जातात, परीक्षाही तिथेच होते. इग्नू कैद्यांकडून शुल्क घेत नाही. नागपूरच्या बाबतीत एक सोय अशी की इग्नूचं प्रादेशिक केंद्र शहरातच आहे, अमरावती रोडला हिंदुस्थान कॉलनीत. त्यामुळे कागदाला मुंबई-दिल्ली करावं लागत नाही.

इग्नूच्या बहुतेक विषयांत ३० टक्के भार गृहपाठाला आणि ७० टक्के सत्रान्त परीक्षेला असतो. परीक्षा जूनमध्ये आणि डिसेंबरमध्ये. तीन वर्षांची बी.ए. सहा वर्षांपर्यंत ताणता येते. बाहेरच्या विद्यार्थ्याला ही सवलत वाटते. आतल्याचा तर तोच आधार, कारण आत वर्ष फुकट जायला शंभर कारणं असतात.

पण पदवीपर्यंत पोचणाराच मुळात थोडा. देशातल्या दर तीन कैद्यांमागे साधारण दोघं दहावीपर्यंतही गेलेले नसतात. त्यांच्यासाठी आधी साक्षरता वर्ग, मग मुक्त शाळा किंवा आपला जुना सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी, मग बारावी, मग विद्यापीठ. हा जिना तुरुंगात चढायचा म्हणजे पाच-सात वर्षं लागतात. म्हणून बी.ए.च्या वर्गात बसणारे एक तर लांब शिक्षेचे, नाही तर बाहेरूनच बारावी होऊन आलेले.

आता तो गठ्ठा.

शहरातल्या मुलांचे गृहपाठ कसे असतात ते सांगतो, म्हणजे फरक कळेल. झेरॉक्सच्या दुकानात तयार उत्तरं मिळतात, मुलं ती सुवाच्य अक्षरात उतरवून काढतात आणि पहिल्या पानावर रंगीत पेनाने नाव घालतात. तुरुंगातल्या गठ्ठ्यात रंगीत काही नव्हतं. एकाच निळ्या शाईत बारीक अक्षर, कारण कागद मोजून मिळतो. समास पट्टीने आखलेला नव्हता, कागद दुमडून घडी पाडलेली होती. प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात कार्यालयाचा गोल शिक्का, कधीकधी उत्तराच्या नेमक्या महत्त्वाच्या शब्दावर.

सात जणांच्या उत्तरांत राज्यघटना अमलात आल्याचं साल १९५५ लिहिलेलं होतं. आधी मी वैतागलो. मग सातही कागद शेजारी मांडले आणि पोथ्यांचा अभ्यास करणारे पंडित जे करतात ते करायला लागलो: मूळ प्रत कुठली? एकाच्या कागदावर आकडा गिरवलेला होता, शून्याचं पाच झालं होतं. बाकी सहा जणांनी ते पाच विश्वासाने उतरवून घेतलं होतं. म्हणजे बॅरेकीत पुस्तकाचा एकच संच होता, तो एकाकडे होता, त्याने वाचून टिपण काढलं आणि इतरांनी ते नकलून घेतलं. नियमाने बघितलं तर ही कॉपी. मी सालाचा अर्धा गुण कापला आणि बाकीचे दिले. ते बरोबर केलं की चूक, आजही नक्की सांगता येत नाही. पण इतकं कळलं की आत शिक्षक नावाचा जो माणूस असतो तो पुष्कळदा स्वतःच कैदी असतो, जरा जास्त शिकलेला. समुपदेशक महिन्यातून येणार, तो रोज संध्याकाळी असतो. बाकी हत्यार म्हणावं असं काही आत नेता येत नाही, त्यात भूमितीची कंपासपेटीही येते. कला शाखेलाच गर्दी का असते याचं थोडं उत्तर त्यातही आहे. विज्ञानाला प्रयोगशाळा लागते, ती कुठून आणणार?

कच्चा आणि पक्का

या विषयात एक भेद समजला की अर्धी गुंतागुंत सुटते. ज्याचा खटला अजून चालू आहे तो न्यायाधीन बंदी, जेलच्या भाषेत कच्चा कैदी. ज्याला शिक्षा झाली तो सिद्धदोष, म्हणजे पक्का कैदी. आपण बाहेरचे लोक 'कैदी' म्हणताना मनात पक्क्याचं चित्र ठेवतो. प्रत्यक्षात गर्दी कच्च्यांची आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीप्रमाणे २०२२ च्या अखेरीला देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसं होती, त्यांपैकी ४,३४,३०२ कच्चे. चारांतले तीन.

आणि सगळी शिक्षणव्यवस्था बेतलेली आहे ती उरलेल्या एकासाठी.

कागदोपत्री कच्चा कैदीही प्रवेश घेऊ शकतो. अडतं ते पुढे. पक्क्याला ठाऊक असतं की आपण इथे आठ वर्षं आहोत. तो वर्षाचा हिशेब मांडू शकतो. कच्च्याला उद्याचं ठाऊक नसतं. जामीन पुढच्या मंगळवारी होईल किंवा तीन वर्षांनी होईल. परीक्षेच्या दिवशीच न्यायालयाची तारीख लागते. तारखेला गेला की पेपर बुडाला, पेपरला बसला की वकील म्हणतो, न्यायाधीशांसमोर गैरहजर राहू नका. आता पुष्कळशी हजेरी व्हीसीवर, म्हणजे व्हिडिओ कॉन्फरन्सवर होते, त्यामुळे हा घोळ थोडा कमी झालाय. (त्याच व्हीसीच्या खोलीत, न्यायालय उठल्यावर, संध्याकाळी तासभर प्राध्यापकाचं व्याख्यान का लावू नये, हा माझा जुना प्रश्न आहे. कॅमेरा आहे, जोडणी आहे, खुर्च्या आहेत.)

मग जामीन होतो. घरच्यांना आनंद, त्यालाही आनंद, आणि अभ्यासक्रम मधेच तुटतो. आतलं केंद्र आता त्याचं राहत नाही. बाहेरचं केंद्र घ्यायला अर्ज, अर्जाला नोंदणी क्रमांक, नोंदणीचा कागद आतल्या वहीत राहिलेला. पक्क्यांच्या वाट्यालाही असं येतं, वेगळ्या तऱ्हेने. वागणूक चांगली म्हणून एखाद्याला खुल्या कारागृहात हलवतात, विदर्भात मोर्शीला असं एक आहे. शेतावर काम, मोकळी हवा, शिक्षेतही फायदा. कोण नाही म्हणेल? पण अभ्यासकेंद्र, पुस्तकांचा संच आणि संध्याकाळी टिपणं काढणारा तो दोस्त मागेच राहतात.

२०२४ पासून यात एक नवा अडसर आलाय. दूरस्थ अभ्यासक्रमाला प्रवेश घ्यायचा तर विद्यापीठ अनुदान आयोगाच्या दूरस्थ शिक्षण विभागाचा ओळख क्रमांक, म्हणजे डीईबी आयडी, सक्तीची झाली. ती काढायला आधी विद्यार्थ्याचे श्रेयांक जमा ठेवणाऱ्या क्रेडिट बँकेचा क्रमांक, त्याच्यासाठी आधार, आणि आधार म्हटलं की ओटीपी. बनावट प्रवेश रोखायला हे केलं, त्यात वावगं काही नाही. पण ओटीपी मोबाइलवर येतो, आणि कैद्याच्या आधारला जोडलेला मोबाइल एक तर पोलीस ठाण्याच्या मुद्देमालात, नाही तर बायकोच्या हातात, नाही तर रिचार्जअभावी बंद. तुरुंगातून फॉर्म भरणारा कर्मचारी इकडे पडद्यासमोर बसलेला, तिकडे यवतमाळकडच्या एखाद्या गावात बायको शेतात, नेटवर्क नाही. तो सहा आकडी नंबर दहा मिनिटांत मरतो.

नव्वद दिवसांची गोष्ट

"शिकले की शिक्षा कमी होते म्हणून शिकतात साले," हे वाक्य मी चहाच्या टपरीपासून स्टाफरूमपर्यंत ऐकलेलं आहे. त्यात तथ्य किती ते बघू.

पक्क्या कैद्याला शिक्षेत जी सूट मिळते तिला माफी म्हणतात. काम नीट केलं, शिस्त पाळली तर ठरावीक दिवस खात्यात जमा होतात. बँकेतल्या व्याजासारखं समजा. महाराष्ट्रात आत राहून दहावी, बारावी, पदवी अशी परीक्षा पास झालेल्याला त्यावर ९० दिवसांपर्यंत विशेष माफी मिळू शकते. दहा वर्षं शिक्षा असेल तर नव्वद दिवस ही काही लॉटरी नव्हे, पण आत बसलेल्याला एक दिवाळी घरी मिळाली तर ती थोडी नसते.

जन्मठेपवाल्याचं गणित निराळं. 'जन्मठेप म्हणजे चौदा वर्षं' हा आपल्याकडचा सगळ्यात टिकाऊ गैरसमज. सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्येच स्पष्ट केलंय की जन्मठेप म्हणजे उरलेलं सगळं आयुष्य. सरकारने मुदतीआधी सोडायचं ठरवलं तरच माणूस सुटतो, आणि ज्या गुन्ह्याला फाशीही होऊ शकली असती त्यात चौदा वर्षं पूर्ण झाल्याशिवाय सरकारलाही सोडता येत नाही. म्हणजे जन्मठेपवाल्याने एम.ए. केलं तरी तारखेतून थेट नव्वद वजा होतील असं नाही. सुटकेचा विचार होईल तेव्हा फायलीत एक चांगला कागद वाढेल, एवढंच.

कच्च्याला यातलं काहीच नाही. शिक्षाच झालेली नाही तर कमी काय करणार? उद्या शिक्षा झाली तर आत काढलेले दिवस वळते होतात, नव्या नागरिक सुरक्षा संहितेतलं ४६८ कलम तेच सांगतं. पण निर्दोष सुटला तर वळते कशात करायचे?

आणि माफीसाठी शिकतात या तक्रारीबद्दल. बाहेरची मुलं नोकरीसाठी शिकतात, हुंड्याच्या भावासाठी शिकतात, बाप ओरडतो म्हणून शिकतात. ते आपल्याला चालतं. आतल्यानेच तेवढं ज्ञानाच्या निर्मळ ओढीने शिकावं, ही अपेक्षा मला कधी समजली नाही. शिवाय टिळकांचं मंडाले, सत्याग्रहींचे तुरुंगातले वर्ग, ही उदाहरणं इथे काढून उपयोग नाही. ती शिकलेली माणसं होती, आत जाऊन अधिक शिकली. आपण बोलतोय ते आठवीत शाळा सोडून गॅरेजवर लागलेल्या माणसाबद्दल.

हक्क की मेहेरबानी?

कायद्याची बाजू थोडक्यात. घटनेचं २१ अ कलम शिक्षणाचा मूलभूत हक्क देतं, पण सहा ते चौदा वयाला. प्रौढ कैद्याला 'मला बी.ए. शिकवा' असा थेट हक्क त्यातून मिळत नाही. मात्र दोषी ठरला म्हणून माणसाचे सगळे मूलभूत हक्क गळून पडत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७४ मध्ये सांगितलं. तुरुंग हा राज्यांचा विषय, त्यामुळे केंद्राने २०१६ ची आदर्श नियमावली किंवा २०२३ चा आदर्श कायदा काढला तरी तो राज्याने स्वीकारावा लागतो.

माझा लाडका निकाल त्याहून जुना आहे, आणि तो एका मराठी पुस्तकाबद्दल आहे. प्रभाकर पांडुरंग संझगिरी हे भारत संरक्षण नियमांखाली मुंबईच्या तुरुंगात स्थानबद्ध होते. तिथे त्यांनी अणुविज्ञानावर 'अणूच्या अंतरंगात' हे पुस्तक लिहून काढलं आणि हस्तलिखित छपाईसाठी बाहेर पाठवायची परवानगी मागितली. सरकारने नाही म्हटलं. युक्तिवाद असा की स्थानबद्धाला जेवढं नियमात दिलंय तेवढंच करता येतं, आणि पुस्तक छापायला पाठवणं नियमात नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९६५ मध्ये तो उलटा फिरवला: नियमांनी जे रोखलेलं नाही ते रोखता येणार नाही. हे दोन्ही दृष्टिकोन आजही तुरुंगाच्या कारभारात आमनेसामने असतात. एका टेबलावरचा माणूस म्हणतो 'नियमात आहे का दाखवा', दुसऱ्यावरचा म्हणतो 'मनाई कुठे आहे?' विद्यार्थ्याचं नशीब तो कुठल्या टेबलासमोर उभा आहे त्यावर ठरतं.

नियमित कॉलेजचा प्रश्न आला की हजेरी आडवी येते. वकिलीचंच घ्या. एलएल.बी. दूरस्थ पद्धतीने करता येत नाही आणि वर्गातली हजेरी बंधनकारक असते. एल्गार परिषद प्रकरणात कच्चे कैदी असलेल्या महेश राऊत यांना प्रवेश परीक्षेतून मुंबईच्या सिद्धार्थ विधी महाविद्यालयात जागा मिळाली, तेव्हा विद्यापीठाने हाच मुद्दा काढला. मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रवेश घेऊ देण्याचा आदेश दिला. रीतसर मिळालेली जागा नाकारणं हे मूलभूत हक्काचं उल्लंघन ठरेल, असा त्याचा आशय. केरळ उच्च न्यायालय २०२३ मध्ये आणखी पुढे गेलं आणि दोन सिद्धदोष कैद्यांना तुरुंगातून ऑनलाइन तासांना बसायची मुभा दिली. ही दारं उघडली ती एकेका माणसाने याचिका केली म्हणून. ज्याला वकील परवडतो त्याची हजेरी लागते.

अमेरिकेत काय झालं

या विषयावरचा बहुतेक अभ्यास अमेरिकेतला आहे, म्हणून थोडं तिकडे जाऊन येऊ. तिथे गरीब विद्यार्थ्यांना कॉलेजसाठी पेल ग्रँट नावाचं सरकारी अनुदान मिळतं. पूर्वी ते कैद्यांनाही मिळायचं. १९९४ च्या गुन्हेविषयक कायद्याने ते बंद केलं. 'प्रामाणिक माणसाच्या पोराला पैसे नाहीत आणि चोराला फुकट कॉलेज' असा तो राग होता. कैद्यांवर जाणारा खर्च एकूण अनुदानाच्या एक टक्काही नव्हता, पण राग टक्केवारी बघत नाही. तुरुंगांतले कॉलेजचे वर्ग धडाधड बंद पडले. २०१५ मध्ये प्रयोग म्हणून काही ठिकाणी पुन्हा सुरुवात झाली, २०२० च्या अखेरीस कायदा बदलला आणि १ जुलै २०२३ पासून अनुदान परत मिळू लागलं. मधली जवळपास तीस वर्षं गेली.

मत बदलायला कारणीभूत ठरलेल्या अभ्यासांत रँड या संस्थेचा २०१३ चा अहवाल येतो. त्यातला '४३ टक्के' हा आकडा सगळीकडे फिरतो आणि सगळीकडे चुकीचा वाचला जातो. 'शिकलेल्यांमध्ये परत गुन्हा करणाऱ्यांचं प्रमाण ४३ टक्क्यांनी घटलं' असा त्याचा अर्थ नाही. तो आकडा सट्ट्याच्या भावासारखा आहे. न शिकलेल्या शंभरांतले साधारण ४३ तीन वर्षांत परत तुरुंगात येतात, ५७ येत नाहीत: भाव ४३ ला ५७. शिकलेल्या शंभरांतले साधारण ३० परत येतात: भाव ३० ला ७०. या दोन भावांची तुलना केली की दुसरा पहिल्यापेक्षा ४३ टक्क्यांनी उतरलेला दिसतो. माणसं मोजली तर फरक शंभरामागे तेराचा. शिवाय यात फक्त कॉलेज नाही, तुरुंगातलं सगळंच शिक्षण धरलेलं आहे. आणि जो स्वतःहून वर्गात नाव घालतो तो मुळातच सुधारायच्या वाटेवर असेल, ही शंकाही रास्तच. अभ्यासकांनी ती हिशेबात घ्यायचा प्रयत्न केलाय. तरीही शंभरामागे तेरा माणसं, म्हणजे तेरा घरं, आणि त्यांनी न केलेले गुन्हे ज्यांच्यावर झाले असते ती माणसं वेगळीच. मला तेरा हा आकडा त्रेचाळीसपेक्षा जास्त पटतो, कारण तो समोर उभा करता येतो.

बाहेर आल्यावर

पदवीच्या कागदावर तुरुंगाचं नाव नसतं, विद्यापीठाचं असतं. अनेकांना हेच मोठं वाटतं. पण पदवी गप्प बसली तरी फॉर्म बोलायला लावतो.

माझ्याकडे एक मुलगा यायचा. तीन वर्षं आत काढून निर्दोष सुटलेला. आत बी.ए.चं पहिलं वर्ष झालेलं, बाहेर आल्यावर दुसरं अडकलेलं. कळमन्याच्या बाजारात संत्र्याच्या मोसमात क्रेट उतरवायचा, पहाटे चारला. "सर, आतमधी टाइमच टाइम होता, पुस्तक नव्हतं. आता पुस्तक हाय त टाइम नाही." त्याला एका खासगी संस्थेने विचारलं, मधली तीन वर्षं काय केलं? गॅप सर्टिफिकेट आणा. स्टँप पेपरवर प्रतिज्ञापत्र करायला तो नोटरीकडे गेला, तर नोटरीने कारण विचारलं. 'घरगुती अडचण' लिहावं की खरं लिहावं, हे विचारायला तो माझ्याकडे आलेला. तेव्हाच तो बोलला, अगदी सहज: "पक्का असतो त बरं झालं असतं सर. निदान माफी त भेटली असती."

मी त्याला खरं लिहायला सांगितलं, आणि त्याचं कारण निव्वळ नैतिक नव्हतं. सरकारी नोकरीच्या साक्षांकन नमुन्यात, म्हणजे स्वतःची माहिती भरून द्यायच्या फॉर्मात, फक्त 'शिक्षा झाली का' एवढंच विचारत नाहीत. कधी अटक झाली होती का, खटला चालला होता का, हेही विचारतात. म्हणजे निर्दोष सुटलेल्यालाही 'हो' लिहावं लागतं. २०१६ मध्ये अवतार सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने याबद्दल तपशीलवार सांगितलं. माहिती दडवली तर त्याच कारणावरून नोकरी जाऊ शकते. खरी सांगितली तर नेमणूक करणाऱ्याला विचार करायचा अधिकार राहतो, पण तो विचार गुन्ह्याचं स्वरूप, निकाल, पद हे सगळं बघून करायचा असतो. म्हणून निकालपत्राची प्रमाणित प्रत पदवीइतकीच जपून ठेवावी. ती फाइलमध्ये सगळ्यात वर लावावी.

काहींना कायदा यातून आधीच मोकळं करतो, पण त्यांना ते कुणी सांगत नाही. परिवीक्षेवर, म्हणजे १९५८ च्या कायद्याखाली चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडलेल्याला त्या दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता लागू होत नाही, कलम १२. गुन्ह्याच्या वेळी अठरा पूर्ण नसलेल्यांना बाल न्याय कायद्याचं कलम २४ असंच संरक्षण देतं, सोळा ओलांडलेल्यांच्या अत्यंत गंभीर गुन्ह्यांचा अपवाद सोडून. नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात शिक्षा झालेला माणूस वकील होऊ शकत नाही असं सर्रास म्हणतात. वकील कायद्याच्या २४ अ कलमात ही बंदी सुटकेनंतर दोन वर्षांनी संपते.

त्या मुलाचं दुसरं वर्ष त्याने केंद्र बदलून घेतलं, तीन पेपर काढले, दोन राहिले. दुपारच्या सत्राचा पेपर असला की त्याला जमायचं, सकाळच्या सत्राच्या दिवशी मजुरी बुडायची. बी.ए. झाला की नाही ते मला माहीत असतं तर इथे लिहिलं असतं. तो नंबर बदलून पुण्याकडे गेला.

तुमच्या ओळखीत कुणी आत असेल आणि शिकायचं म्हणत असेल, तर मुलाकातीला जाताना एवढं करा. शाळा सोडल्याचा दाखला आणि शेवटच्या मार्कलिस्टच्या साक्षांकित प्रती दोन संच, एक आत द्यायला आणि एक घरी. मूळ कागद आत देऊ नका. कारागृहाच्या शिक्षण विभागाकडे किंवा अधीक्षकांच्या नावाने अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या. प्रवेशाची सत्रं वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलै; त्याआधी महिनाभर चौकशी सुरू करा. नोंदणी क्रमांक मिळाला की तो घरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा, बदली झाली किंवा जामीन झाला तर सगळं त्याच्यावरच चालतं. आणि त्याच्या आधारला जोडलेलं सिम कार्ड शोधून चालू ठेवा. महिन्याचा रिचार्ज चुकवू नका. ते बंद पडलं की आधारला जोडलेला मोबाइल नंबर बदलायला आधार केंद्रावर बोटाचा ठसा द्यावा लागतो, आणि बोट आत आहे.